प्रूफच्या खोलीतली पिवळी चौकट

साल दोन हजार सहा. ते पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी माझा डावा गुडघा पहिल्यांदा कुरकुरला आणि त्याच वर्षी आमच्या छापखान्यातल्या प्रूफच्या खोलीत दुसरा पंखा आला. पंख्यासाठी मी नऊ वर्षं मागं लागले होते. गुडघा न मागता आला.

मी मुद्रितशोधक होते, साध्या भाषेत प्रूफं तपासणारी. तेव्हा चोपन्न वर्षांची होते. आमच्या छापखान्यात कथा-कादंबऱ्या येत नसत. यंत्रांच्या पुस्तिका, अहवाल, शाळांच्या प्रयोगवह्या असलं रुक्ष काम. अशा कामात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कुणाचं बोट जायचं, म्हणून आम्ही जुनी पद्धत सोडली नव्हती. एकीनं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसरीनं छापलेल्या प्रूफवर पेन्सिल धरून ऐकायचं. पूर्वी मूळ मजकूर कागदावर असे. नंतर लेखक मंडळी तो ईमेलनं पाठवायला लागली, तेव्हा वाचणारी संगणकासमोर बसू लागली आणि मी माझ्या टेबलाशी प्रूफ घेऊन.

वाचणारीला सगळे विरामबाई म्हणत. ती नुसते शब्द वाचत नसे, वाचायचेच नसतात. 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम', 'कंस सुरू', 'नवा परिच्छेद' असं सगळं वाचायचं. चौकटीतला मजकूर आला की 'चौकट सुरू' आणि तो संपला की 'चौकट बंद'. बावीस वर्षं हे केल्यावर तिच्या घरातसुद्धा पूर्णविराम पडायला लागले होते. भाजीवाल्याला म्हणायची, "अर्धा किलो दे, पूर्णविराम." म्हणजे पुढे घासाघीस नाही.

वाचताना तिचा आवाज एकदम सपाट व्हायचा. त्यात राग नाही, लोभ नाही. आणि मीही अर्थाकडे लक्ष देत नसे. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण चांगली प्रूफं तपासणारी अर्थ वाचत नाही. अर्थात गुंतली की तिला चूक दिसेनाशी होते. कान ऐकतो, डोळा जुळवतो, पेन्सिल चालते आणि डोक्यात संध्याकाळच्या स्वयंपाकाचा विचार असतो. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक छापली गेली नव्हती, आणि हे मी कुणालाही, न विचारता, सांगत असे.

आमच्या खोलीत संगणकाचा आवाज बंद होता. तो नियम माझा. सुरुवातीला ईमेल आली की 'टिंग' व्हायचं. एकदा त्या टिंगनं विरामबाई ओळ चुकली आणि मिठाच्या द्रावणाची अख्खी कृती गाळून पुढे गेली. ती चूक मी पकडली खरी, पण त्याच दुपारी मी खिळेमामांना बोलावून स्पीकरच्या वायरी काढून घ्यायला लावल्या.

खिळेमामा आमच्या अक्षरजुळणीचे प्रमुख. त्रेसष्ट वर्षांचे. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत त्यांची उमेद गेली. मग संगणक आले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, मामा आता घरी बसणार. त्यांनी सहा महिने कुणाशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या पावसाळ्याच्या आत छापखान्यातले सगळे संगणक त्यांच्या ताब्यात. त्यांना वेड होतं ते छोट्या छोट्या जोडप्रोग्रॅमांचं. मूळ प्रोग्रॅमला जोडून काहीतरी जास्तीचं करणारी ही प्लगइनं ते कुठून कुठून उतरवून आणत आणि बसवत. त्यांच्या पडद्यावर एका कोपऱ्यात तापमान, दुसऱ्यात चंद्राची कला आणि तळाशी उगाचच फिरणारं एक मांजर असे. ते म्हणायचे, "कंपनी नुसती भिंत बांधून देते. सदरा कुठे टांगायचा ते आपलं आपण बघायचं. मी खुंट्या ठोकतो."

त्या वर्षी वैशिष्ट्यपूर्ण असं काहीच चाललेलं नव्हतं. शेतातल्या आणि इमारतींतल्या पाण्याच्या पंपांची देखभाल, असं एक सव्वातीनशे पानांचं पुस्तक आमच्याकडे आलं होतं. लिहिणारे एक निवृत्त इंजिनियर. त्यांना चौकटींचा फार शौक. दर दोन पानांना एक फिकट पिवळी चौकट, वर 'लक्षात ठेवा', आत एक वाक्य. विरामबाई वाचायची, मी जुळवायची.

आणि त्या पुस्तकात विरामबाई अडखळायला लागली. दहा ओळी झाल्या की थांबायची, माउस हलल्याचा आवाज यायचा, मग "हं" म्हणून पुढे. कधी तीच ओळ दोनदा. तिसऱ्या दिवशी मी पेन्सिल खाली ठेवली.

"काय चाललंय गं तुझं? मुंगी चालतेय का पडद्यावर?"

"काही नाही, ताई."

"काही नाही कसं? बावीस वर्षांत तू जेवढी अडखळली नाहीस तेवढी तीन दिवसांत अडखळलीस. दाखव."

मी उठून तिच्या मागं जाऊन उभी राहिले. पंपांच्या मजकुराआड एक लहानशी खिडकी होती, गप्पांच्या प्रोग्रॅमची. त्यात एकच नाव होतं, धाकटी. नावापुढचा ठिपका करडा.

धाकटी म्हणजे तिची धाकटी मुलगी. थोरली लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची, दर रविवारी यायची. धाकटी दोन वर्षांपूर्वी समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका जहाजावर नकाशे काढायच्या नोकरीला गेली होती, एवढं मला माहीत होतं. पुढचं विरामबाईनं त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सांगितलं, डबा न उघडता.

नोकरीची चिठ्ठी घरी टपालानं आली होती. विरामबाईनं ती लपवली. पंधरा दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवली. मग तिलाच राहवेना, तेव्हा टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, आजच आली. धाकटीनं पाकिटावरचा शिक्का बघितला, आईकडे बघितलं आणि बॅग भरली. हजर व्हायची मुदत संपत आली होती, नोकरी कशीबशी हाती लागली तिच्या, पण तेव्हापासून आईशी बोलणं नाही. फोन उचलत नव्हती. जहाज बंदराला लागलं की ती तिथल्या एखाद्या दुकानात संगणकावर बसायची, पंधरा-वीस मिनिटं, कुठल्याही वेळेला. तेवढ्यात तो ठिपका हिरवा व्हायचा, हे थोरलीकडून कळलेलं; गप्पांचं खातंही आईला तिनंच नुकतं काढून दिलं होतं.

"जेवायच्या सुट्टीत बघते तर लिहिलेलं असतं, अकरा दहाला आली, अकरा पंचवीसला गेली. आणि त्या वेळी मी तुम्हाला पंपाचे नटबोल्ट वाचून दाखवत असते."

"मग ईमेल लिही की तिला. सविस्तर लिही. कधीतरी वाचेलच."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, चिठ्ठीच लपवली होती मी. आता चिठ्ठी पाठवून माफी मागू? ती समोर असताना मागायची आहे. समोर म्हणजे, निदान त्या वेळी ती पलीकडे बसलेली तरी हवी."

"तुझं नाव काढून नाही ना टाकलं तिनं यादीतून?"

"नाही. तेवढ्यावरच तर बसले आहे."

तिला त्या पंधरा मिनिटांत मुलगी गाठायची होती, एवढंच. आणि तिला जागं करणारा 'टिंग' मी स्वतःच्या हातानं बंद करून टाकला होता. मी सरळ उठले आणि मामांच्या टेबलाशी गेले.

"मामा, एक खुंटी ठोकायची आहे."

त्यांचे डोळे असे चमकले की जणू मी त्यांना सोन्याचं कडं दिलं. "कुठे? कुणाच्या भिंतीत?"

मी सांगितलं. आवाज नको, पण कोणी आलं की पडद्यावर दिसायला हवं, बाकी सगळ्याच्या वर.

"असतं ना! तसलं प्लगइन असतं. पडद्याच्या कोपऱ्यात लहानशी चौकट उगवते. मी आजच बसवतो."

'आज' म्हणाले त्याला पाच दिवस लागले. ते प्लगइन उतरवलं तर ते म्हणालं, आधी अमुक हवं. अमुक आणलं तर ते म्हणालं, माझी आवृत्ती जुनी आहे, तमुक आणा. मामा दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "वरातीला बोलावलं तर हा म्हणतो मावसभावाला घेऊन येतो, आणि मावसभावाला बूट नाहीत." शेवटी सगळा गोतावळा जमला, संगणक बंद करून चालू केला आणि चौकटी उगवायला लागल्या.

उगवायला लागल्या म्हणजे काय, पूरच! प्रिंटरमधला कागद संपला, चौकट. कुणाची तरी ईमेल, चौकट. नवी आवृत्ती उपलब्ध आहे, चौकट. 'खिळेमामा आले आहेत', चौकट. 'खिळेमामा गेले आहेत', चौकट.

"मामा, तुम्ही इथेच तर उभे आहात," विरामबाई म्हणाली.

"ते माझ्या टेबलावरच्या संगणकाबद्दल बोलतंय. गप्प बस जरा, पोरी."

पोरी बावन्न वर्षांची होती. मामांनी एक लांबलचक यादी उघडली आणि एकेक खूण काढत गेले. प्रिंटर नको, ईमेल नको, मामा नको. शेवटी एकच खूण ठेवली. मग चौकट पाच सेकंदांत विझत होती, तेवढ्यात बाईची नजर ओळीवरून हललीच नाही तर? म्हणून क्लिक करेपर्यंत ती जाणार नाही असं केलं. तळाशी उगवली तर मजकूर झाकत होती, म्हणून उजव्या बाजूला, समासाच्या जागेत नेली. तिचा रंग भडक निळा होता.

"हा नको," मी म्हणाले. "डोळ्याला बोचतोय. दिवसभर वाचायचं असतं तिला."

मामांनी फिकट पिवळा केला. अक्षरही छापखान्याचं नेहमीचंच लावलं. आणि आत काय लिहायचं ते स्वतः टाइप केलं: धाकटी आली आहे.

"पूर्णविराम द्या," विरामबाई म्हणाली.

"दिला, माझे आई."

मग नऊ दिवस काहीही झालं नाही. विरामबाई आता अडखळत नव्हती. खिडकी उघडून बघायची गरज नव्हती, चौकट येणार हा भरवसा होता. तिचा आवाज पुन्हा सपाट झाला, आमचं काम पूर्वीसारखं धावायला लागलं आणि आम्ही सातव्या प्रकरणात शिरलो. हवा अडकलेला पंप, त्याची लक्षणं आणि उपाय.

दहाव्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला ती वाचत होती. "झडप पूर्ण उघडावी, पूर्णविराम. चौकट सुरू. धाकटी आली आहे, पूर्णविराम. चौकट बंद. नवा परिच्छेद. झडपेतून पाण्याचा फेस येत असल्यास, स्वल्पविराम..."

माझ्या प्रूफवर तिथे चौकट नव्हती. जुळणीत राहिली, असं माझ्या हातानं ठरवलं. मी समासात रेघ ओढली, 'चौकट राहिली' असं लिहिलं आणि आतला मजकूर सुवाच्य अक्षरात टिपला. शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला. डोक्यात माझ्या भेंडी होती, चिरून ठेवली आहे की नाही.

ती वाचत गेली. फेस, गाळणी, पुन्हा झडप. पानाच्या शेवटी तिनं मजकूर वर सरकवला. सगळा मजकूर सरकला, चौकट जागची हलली नाही. पिवळी चौकट समासात तशीच लटकून राहिली.

खुर्ची मागे आदळली.

"ताई! आली! ती आली आहे!"

"कोण?" मी म्हणाले. खरंच म्हणाले.

घड्याळात अकरा सदतीस. सहा मिनिटं गेली होती. तिनं चौकटीवर क्लिक केलं, गप्पांची खिडकी उघडली. ठिपका हिरवा होता. तिनं बोटं कळफलकावर ठेवली आणि तशीच राहिली. तिला टाइप करता येत नव्हतं. बावीस वर्षं ती फक्त वाचत आली होती. एकेक अक्षर शोधत 'मा' एवढं लिहिलं आणि पुढचं अक्षर तिला सापडेना.

"ऊठ," मी म्हणाले. "मी बसते. लग्नाआधी टायपिंगच्या तीन परीक्षा दिल्यात मी. तू सांग."

ती उठली. भिंतीपाशी गेली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हात मागे बांधले. मला वाटलं, रडते की काय. पण तिनं घसा खाकरला आणि तिच्या त्या सपाट आवाजात सुरू केलं.

"चिठ्ठी आली तो मंगळवार होता, पूर्णविराम. मी ती पिठाच्या डब्यामागे ठेवली, पूर्णविराम. पंधरा दिवस ठेवली, पूर्णविराम. आजच आली असं मी म्हणाले, स्वल्पविराम, ते खोटं होतं, पूर्णविराम. तू जाऊ नयेस म्हणून..."

ती थांबली. मी थांबले.

"खोड ते," ती म्हणाली. "'तू जाऊ नयेस म्हणून' खोड. कारण द्यायचं नाही."

खोडलं.

"माझं चुकलं, पूर्णविराम."

"पुढे?"

"पुढे काही नाही. पाठव."

एरवी मला 'तुम्ही' म्हणणारी बाई 'खोड', 'पाठव' म्हणत होती. मी पाठवलं. ठिपका हिरवाच. मग पलीकडे काहीतरी लिहिलं जातंय अशी खूण आली, गेली, पुन्हा आली. पंखा फिरत होता. शेवटी अक्षरं उमटली.

"हे कोण टाइप करतंय? आईला टाइप करता येत नाही."

"प्रूफवाली मावशी," मी लिहिलं.

"मावशी, आई कुठे आहे?"

"इथेच उभी आहे. भिंतीकडे तोंड करून."

"तिला वळायला सांगा."

"वळ गं," मी म्हणाले. "वळ म्हणतेय ती."

विरामबाई वळली. तिचा चेहरा मी इथे लिहीत नाही. बावीस वर्षांत मी तो बघितला नव्हता, एवढंच.

पडद्यावर पुढची ओळ आली. मी ती मोठ्यानं वाचली, कारण तिला चष्म्यातून काही दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी वाचत होते आणि ती ऐकत होती. "पंधरा दिवस नाही. सतरा दिवस. मी शिक्का बघितला होता."

"सतरा?" विरामबाईनं बोटांवर मोजलं. मंगळवारपासून मोजलं, दोनदा मोजलं. "बरोबर आहे तिचं. सतरा कर, ताई. दुरुस्ती पाठव."

मी पाठवलं, 'सतरा'. पलीकडून उत्तर आलं: "दुकान बंद करतायत. पुढच्या बंदराला बारा दिवस लागतील. तेव्हा आई असेल का?"

"असेन, पूर्णविराम," विरामबाई म्हणाली.

ठिपका करडा झाला. ती खुर्चीत बसली, तांब्यातलं पाणी प्यायली, पदरानं चष्मा पुसला. मग पडद्याकडे वळून म्हणाली, "चला. कुठे होतो आपण?"

"गाळणी," मी म्हणाले. आणि आम्ही सातवं प्रकरण संपवलं.

बाराव्या दिवशी चौकट पुन्हा आली. या वेळी तिनं ती वाचली नाही, थेट ओरडली. त्यानंतरही दोनदा आली. धाकटी फार बोलत नव्हती. जेवलीस का, गुडघ्याचं काय म्हणतेय मावशी, थोरली कशी आहे, इतकंच. रागावलेली माणसं जशी ताटात वाढलेलं थोडं थोडं खातात तसं. पण खात होती. तिच्या बोलण्यातून एकदा कळलं की चार महिन्यांनी तिला रजा आहे. येणार का, हे विरामबाईनं विचारलं नाही. "विचारलं की ती हो किंवा नाही म्हणेल," ती म्हणाली, "आणि नाही म्हणाली तर ते लेखी राहील."

मधल्या काळात पुस्तक छापून, बांधून तयार झालं. दोन हजार प्रती गोदामात रचल्या. एका प्रतीचं पुडकं इंजिनियरांना गेलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

आमचे व्यवस्थापक काटकुळे होते आणि हळूच टोचत, म्हणून पाठीमागं त्यांना सगळे टाचणी म्हणायचे. ते पुस्तक उघडं धरून आमच्या खोलीत आले. मामांनाही बोलावलं होतं.

"पान एकशे बारा," टाचणी म्हणाले. "पिवळी चौकट. वर, लक्षात ठेवा. खाली, धाकटी आली आहे, पूर्णविराम. लेखक विचारतायत, ही धाकटी कोण? आणि ती आल्याचं शेतकऱ्यानं लक्षात का ठेवायचं?"

त्यांनी मला प्रूफ आणून दाखवलं. अक्षर माझंच, चांगलं वळणदार. जुळणी मामांनी केली होती. प्रत्येक चौकटीवर 'लक्षात ठेवा' असतं म्हणून तेही त्यांनी आपल्या मनानंच घातलं होतं.

"मामा," टाचणी म्हणाले, "हे वाक्य तुम्हीच तिच्या संगणकात लिहिलंत. पुन्हा तुम्हीच पुस्तकात जुळवलंत. ओळखलं नाहीत?"

"मी अक्षरं बघतो हो," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "मजकूर कुठे बघतो?"

आणि मग विरामबाईला हसू फुटलं. ते दाबायला तिनं तोंडावर पदर धरला, तर ते पदरातून बाहेर आलं. मलाही आवरेना. एकतीस वर्षांची माझी शेखी एका पिवळ्या चौकटीत गेली होती आणि मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. टाचणी तेवढे हसले नाहीत. त्यांनी निकाल दिला. दोन हजार प्रतींवर दुरुस्तीची पट्टी चिकटवायची. बाहेरचा माणूस लावायचा नाही. रोज जेवणानंतर एक तास, चूक करणाऱ्यांनी.

पट्टीवरचं वाक्य इंजिनियरांनी दिलं: पंप सुरू करण्याआधी आतली हवा काढून टाका.

आम्ही तिघं गोदामात लांब टेबलाशी बसायचो. मामा पान उघडायचे, मी गोंद लावायची, विरामबाई पट्टी बसवून तळव्यानं दाबायची. दिवसाला साठ-सत्तर प्रती व्हायच्या. वीस-बावीस दिवस झाले असतील. चौदाशेचा टप्पा ओलांडला होता. दुपारी दोनच्या सुमाराला गोदामाच्या दारात उजेड अडला, म्हणून मी वर बघितलं. दारात एक मुलगी उभी होती. खांद्यावर मोठी बॅग, चेहरा उन्हानं रापलेला, केस पार बारीक कापलेले. मला ओळखायला क्षणभर लागला. विरामबाईला तेवढाही लागला नाही, पण तिनं पट्टीवरचा हात काढला नाही. गोंद ओला होता.

"आई."

"ये," विरामबाई म्हणाली. आवाज सपाट काढायला गेली, पण तो काही निघाला नाही. "हात धुऊन ये. कागदाला डाग लागतील."

धाकटी बॅग ठेवून मोरीकडे गेली. तिकडे बराच वेळ नळ वाहत होता. परत आली ती स्टूल ओढून आईच्या शेजारी बसली आणि पट्ट्यांचा गठ्ठा स्वतःकडे घेतला.

"कुणी सांगितलं इथे आहे म्हणून?"

"ताईनं." म्हणजे थोरलीनं. "म्हणाली, आई शिक्षा भोगतेय."

तिनं पट्टी न चिकटवलेलं एक पान वाचलं. पुन्हा वाचलं. "ही धाकटी... मी?"

मामांनी सगळं सांगितलं. अमुक, तमुक, मावसभाऊ, बूट, सगळं. मुलगी ऐकत गेली, हसत गेली आणि हसताना आईच्या दंडाला डोकं लावून बसली. विरामबाईनं तो हात हलवायचा नाही म्हणून दुसऱ्या हातानं पट्ट्या लावायला सुरुवात केली. वाकड्या लागत होत्या.

"एक प्रत अशीच ठेवूया ना," थोड्या वेळानं धाकटी म्हणाली. "पट्टी न लावता. मला."

"नाही," विरामबाई म्हणाली. "चूक ती चूक."

धाकटीनं लावलेल्या एका पट्टीवरून बोट फिरवलं. "दिसत नाही. पण हाताला लागते."

मी गोंदाच्या डब्यात बघत बसले. मामा पान उलटायचे थांबले.

"लागू दे," धाकटी म्हणाली आणि पुढची प्रत ओढली. "मामा, पान उघडा. किती राहिल्यात?"

रजा तीन आठवड्यांची होती. त्यातले नऊ दिवस ती आमच्याबरोबर गोदामात बसली. त्या नऊ दिवसांत मायलेकींमध्ये त्या चिठ्ठीचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. कधी हळू बोलायच्या, कधी एकदम मोठ्यानं, आणि एकदा धाकटी ताडकन उठून बाहेर जाऊन उभी राहिली होती. अर्ध्या तासानं आत आली, हात धुतले आणि बसली. शेवटची प्रत झाली त्या दिवशी टाचणींनी सगळ्यांना चहा पाजला. ते पाजत नसत.

आता त्यातल्या कुणाचं काय झालं ते सांगते. टाचणी निवृत्त होऊन भावाच्या गावी गेले. तिथे बाग लावली आणि मला दोन वर्षं सलग गुलाबाच्या फुलांचे फोटो पाठवले, खाली एकही शब्द नाही. खिळेमामा आणखी चार वर्षं कामावर होते. ते वारले तेव्हा त्यांचा संगणक कुणालाच चालवता येईना, इतकी प्लगइनं एकमेकांत अडकलेली. त्यांच्या मुलीनं तो तसाच घरी नेला. इंजिनियरांचं पुस्तक तीनदा छापलं गेलं. पुढच्या आवृत्त्यांची प्रूफं मीच तपासली, अर्थ वाचत तपासली. वेळ दुप्पट लागला. प्रूफची खोली पुढे बंद झाली. आता तपासणी यंत्रच करतं म्हणतात. करत असेल.

धाकटीनं जहाजावर अकरा वर्षं काढली. मग जमिनीवर आली, बंदराच्या गावात कार्यालयात बसून नकाशे करू लागली आणि आईला घेऊन गेली. विरामबाई आधी नाही म्हणाली, मग हो, मग पुन्हा नाही. शेवटी दोन ट्रंका आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन गेली.

मी मागच्या वर्षी त्यांच्याकडे आठ दिवस राहून आले. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीतून क्रेन दिसतात. दोघींचं सकाळपासून भांडण. खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहात आलं किती, टॉवेल कुठे वाळत घालायचे. एक दिवस तर सकाळी आठ ते दुपारी एक पूर्ण अबोला झाला. मी घाबरले. एक वाजता धाकटी ताटं घेताना म्हणाली, "आई, मीठ कमी आहे," आणि आई म्हणाली, "मग घे की," आणि संपलं.

मी निघाले त्या दिवशी दोघी दारापर्यंत आल्या. आई म्हणत होती, मावशीला बसनं जाऊ दे, खिडकीची जागा मिळते. लेक म्हणत होती, गुडघ्याचं बघ ना जरा, टॅक्सीनंच जायला हवं. मी तीन जिने उतरून खाली पोचले, तरी वरून आवाज येतच होते.